मदत हवी आहे : ३१ जानेवारी २०१८ चा कोणता भाव धरायचा?

नमस्कार मंडळी, मी लातूरचा. अण्णांनी २०१५ साली इन्फोसिसचे १०० शेअर घेतले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये एकास एक बोनस (एका शेअरमागे एक फुकट) मिळाला, २०० झाले. बहिणीच्या लग्नासाठी त्यातले १०० आता विकले. आयकराचा रिटर्न भरताना नफा मोजायला अशा जुन्या शेअरचा ३१ जानेवारी २०१८ चा दिवसातला सर्वात वरचा भाव लागतो, तिथंच अडलोय.

एनएसई म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या जुन्या फाईलीत त्या दिवसाच्या ओळीत भाव साडेअकराशेच्या आसपास दिसतो. मोबाईलवरच्या चार्टमध्ये त्याच तारखेला बरोबर निम्मा, पावणेसहाशेच्या घरात. चार्टवाले बोनसनंतर मागचे भाव कमी करून दाखवतात, एवढं समजलं. मोंढ्यात (धान्यबाजारात) सोयाबीनची मागची पट्टी अशी कुणी बदलत नाही, म्हणून अण्णा सारखं विचारतात, "खरा भाव कोणता?"

माझ्या समजुतीनं आधी घेतलेले आधी विकले असं धरतात, म्हणजे हे मूळचे १००, त्यांना न बदललेला भाव. आणि उरलेल्या बोनसच्या १०० ची खरेदी किंमत शून्य. हे बरोबर आहे का? ज्यांनी स्वतः असा हिशोब केलाय त्यांनी कृपया सांगा. अण्णांच्या कष्टाचा पैसा आहे, चूक नको.