टीम जमवायला नाटकातले खेळ कशाला हवेत?

बिनओळीचा
टीममध्ये नवी माणसं आली की एचआरचं आता नाव-गाव-कॉलेज विचारून भागत नाही. सगळ्यांना गोलात उभं करतात. समोरच्याकडे टाळीचा हात रोखून 'झिप', 'झॅप', 'झॉप' ओरडायचं, मग प्रत्येकाने एकेक शब्द जोडत गोष्ट रचायची. कोणी अडखळलं की बाकीचे खिदळायला मोकळे. माझं मत: हे बंद करा. ऐनवेळी विनोद सुचणं हे रंगमंचावरचं कसब आहे. हौस असेल त्याने शनिवारी वर्गाला जावं. आणि 'भाग घेणं ऐच्छिक आहे' हे तर सांगूच नका. आपलं अप्रेझल लिहिणारा माणूस गोलात उभा असताना कसलं आलंय ऐच्छिक!

नेपथ्य
विनोद मुळात या खेळांत नव्हताच. व्हायोला स्पोलिन 1939 च्या सुमारास शिकागोत सरकारी रोजगार योजनेतून नाट्यवर्ग चालवत होत्या. समोर स्थलांतरितांच्या वस्त्यांतली मुलं आणि मोठी माणसं, भाषा वेगवेगळ्या. अभिनयावर व्याख्यान देऊन काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी खेळ रचले. विनोदी प्रयोगांचं 'सेकंड सिटी' हे नाट्यगृह 1959 मध्ये निघालं, त्याच्या संस्थापकांत त्यांचा मुलगा पॉल सिल्स होता. म्हणजे आधी अनोळखी माणसांचे खेळ, हशा नंतरचा.

'आरसा' घ्या. दोघं समोरासमोर. एकाने हात हलवला की दुसऱ्याने तसाच हलवायचा, आणि थोड्या वेळाने कोण कोणाच्या मागे चाललंय ते कळेनासं होतं. ना शब्द, ना कोटी. यात अब्रू कुठे जाते? स्पोलिनबाईंचा तर शाबासकीलाही विरोध होता. शाबासकी असो की नापसंती, माणूस खेळ सोडून शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो, असं त्या म्हणत.

बिनओळीचा
मग माझाच मुद्दा मांडलात की! आमचा माणूस साहेबांच्या तोंडाकडे बघतो. स्पोलिनबाईंच्या वर्गात कोणाची वेतनवाढ अडकली होती?

दुसरं, तमाशातली बतावणी बघा. सोंगाड्या भलतंच काहीतरी फेकतो आणि साथीदार ते अलगद झेलतो. कारण ते वर्षानुवर्षं एका फडात राबलेले असतात. आधी एकमेकांची खात्री, मग उत्स्फूर्तता. तुम्ही उत्स्फूर्ततेतून खात्री काढायला निघालात, तेही जेवणाच्या सुट्टीआधीच्या अर्ध्या तासात.

पापभीरू
जाता जाता. पॅरिसमधल्या एका सल्लागार कंपनीत 'मजा करा' हे अधिकृत धोरण होतं. एक वरिष्ठ कर्मचारी त्यात रमला नाही. त्याला काढण्याच्या कारणांत हेही एक कारण होतं. 9 नोव्हेंबर 2022 रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितलं की असं अलिप्त राहणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, त्यावरून काढता येणार नाही.

नेपथ्य
त्या खटल्यात दारूच्या मेजवान्या आणि अंगचटीला जाण्यापर्यंतचे प्रकार होते. 'आरसा' खेळण्याशी त्याची सांगड घालणं जरा अतीच.

चिवडा_कमी_शेव_जास्त
एवढा खटाटोप कशाला? टपरीवर न्या, कटिंग पाजा, पंधरा मिनिटांत टीम तयार. कंपनीचा खर्चही वाचेल.

रात्रपाळी
टपरीवर बायका किती दिसतात ते मोजा एकदा. आमच्याकडे रिलीजचे निम्मे निर्णय तिथे सिगारेटच्या घोळक्यात होतात आणि आम्हाला मेलवर कळतात. गोलात निदान प्रत्येकाची पाळी येते.

चिवडा_कमी_शेव_जास्त
यावर माझ्याकडे उत्तर नाही. चहा मात्र राहू द्या.

तिसरी_घंटा
मी कंपन्यांत हे सत्र घेते, तेव्हा माझा स्वार्थ आहे हे धरूनच वाचा. खेळ फसतो तो बहुतेक वेळा भाषेवर. एकेक शब्दाची गोष्ट इंग्रजीत लावली की कॉन्व्हेंटवाले पुढे आणि लातूर-नांदेडकडून आलेली मुलं भिंतीला. त्यापेक्षा स्पोलिनचाच अर्थहीन बडबडीचा खेळ लावा: कुठल्याच भाषेत नसलेल्या आवाजांत वस्तू विकायची. तिथे सगळेच सारखे अडाणी, आणि हातवाऱ्यांत गावाकडच्या मुलांना तोड नसते.

साहेबांचं म्हणाल तर कीथ जॉनस्टन या नाट्यशिक्षकाने लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात नटांकडून वर-खालच्या दर्जाचे सराव करून घेतले. मालकाने नोकरासारखं वागायचं, नोकराने मालकासारखं. मी पहिली पाळी साहेबांनाच देते. त्यांची दोनदा फजिती झाली की बाकीचे सैल होतात. जो साहेब नकार देतो, त्याच्या टीमला मी फक्त 'आरसा' देते आणि लवकर सोडते.

बिनओळीचा
साहेब दोन मिनिटं नोकर होतो तेव्हा सगळे हसतात, कारण तो नोकर नाही हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. एखाद्या ट्रेनीने साहेब होऊन त्यांची खरीखुरी नक्कल करून दाखवावी, मग बोलू. माझी अट साधी आहे: ज्याच्या हातात अप्रेझल, तो खोलीबाहेर. मग मी झिपही ओरडेन आणि झॉपही.

रात्रपाळी
मान्य. लेखी देत असतील तर मीसुद्धा येते.

नेपथ्य
साहेब बाहेर बसले तर ओळख कोणाशी करून घेणार? शेजारच्या डेस्कवरच्याशी ती डब्यावर होतेच. अडचण साहेबांशी बोलण्याची आहे, आणि सोमवारी मीटिंगला तेच समोर असणार.