मदत हवी आहे: चुली वाटून झाल्यावर सामाजिक परिणाम मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या एका छोट्या संस्थेत आहे. रामटेक-पारशिवनीकडच्या, पेंचच्या जंगलालगतच्या गावांत कार्बन क्रेडिट प्रकल्पातून सुधारित चुली वाटल्या गेल्यात. सरपण तोलून कार्बनचा हिशेब दुसरी टीम करते, तो प्रश्न नाही. गोल्ड स्टँडर्डला (कार्बन क्रेडिट प्रमाणित करणारी संस्था) एसडीजी १३ (संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी हवामानाचं) सोबत आणखी किमान दोन उद्दिष्टं दाखवावी लागतात; माझ्याकडे आलंय ते बायांचा वाचलेला वेळ आणि धुराचा त्रास मोजणं.

अडचण ही की वाटपाआधी सामाजिक पाहणी झालीच नव्हती. आठवणीवर विचारून पाहिलं. "पहिले लय टाइम लागे" यापलीकडे हाती काही येत नाही, आणि चूल देणाऱ्याच्या तोंडावर कोण वाईट सांगेल? शेजारची बिनचुलीची गावं तुलनेला घेतली, तर उज्ज्वलाचा सिलिंडर कुणाकडे भरलेला, कुणाकडे नुसताच उभा. त्यात उन्हाळ्यात मोहफूल-तेंदूपत्त्यासाठी बाया तशाही जंगलात जातात, मोळी त्याच फेरीत येते. तो वेळ कशात धरायचा?

बाहेरची एजन्सी परवडत नाही. गावातल्याच मुली कागदावर प्रश्नावली भरतील. पुढच्या टप्प्यातल्या गावांत चुली दिवाळीनंतर जाणार आहेत.

तर त्या गावांची आत्ता पाहणी करून तीच तुलनेला धरली, तर पडताळणीवाले मान्य करतात का? आणि "काल सकाळपासून काय काय केलं" असं विचारून वेळ मोजला असेल कुणी, तर कोणत्या हंगामांत गेलात, एका घरी किती वेळा?