मॅमथच्या हाडांची घरं: घरं कशावरून?

माळावरचा: युक्रेनमधल्या मेझिरिचला १९६५ साली एक शेतकरी तळघर मोठं करत होता, तर मॅमथचा, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या केसाळ भाऊबंदाचा, जबडा लागला. पुढे तिथे हाडांच्या चार गोल रचना निघाल्या. असं काहीही दिसलं की 'झोपडी' म्हणायची पद्धत पडलीय. रशियातल्या कोस्त्योंकीचं हाडांचं वर्तुळ बघा. सुमारे २५,००० वर्षं जुनं, हिमयुगातलं, व्यास साडेबारा मीटर, ६४ कवट्या, ५१ जबडे. एवढ्या रुंदीवर छप्पर घालायला आढं कुठलं आणि वासे कुठले? काही हाडं तर सांध्यात जुळलेलीच सापडली, म्हणजे रचताना त्यांवर मांस, स्नायू होतेच. त्या वासात लेकराबाळांना घेऊन कोण झोपेल? लांडगे आले असते ते वेगळंच.

कौलारू: कोस्त्योंकीचं पटलं. पण एकाच्या खटल्यात सगळ्यांना का ओढताय? मेझिरिचच्या रचना चार-सहा मीटरच्या, तेवढ्यावर कातडी ताणता येतात. आणि पहिल्या घराचे ९५ जबडे कसे रचलेत पाहिलंत? हनुवटी खाली, एकात एक अडकवून, माशाच्या काट्यासारखी नक्षी. खाली पायाला कवट्या. नुसता ढीग घालायचा असता तर एवढी मेहनत कोण घेतं?

माळावरचा: मेहनत तर देवळालाही घेतात की! सुबक आहे म्हणून राहतं घरच, हे कसं?

कौलारू: देवळात मेझिरिचसारखी रोजची राख, तासलेल्या गारगोटीच्या कपच्या नि खाल्लेल्या जनावरांची हाडं सापडत नाहीत हो.

चूलखंड: दोघांनी लाकडाचा मुद्दा सोडलात. कोस्त्योंकीच्या वर्तुळात सूचीपर्णी झाडांचा कोळसा मिळालाय. म्हणजे त्या गारठ्यातही थोडीफार झाडं होती. (वासे निघाले असते असं मी म्हणत नाही, उगाच अंगावर येऊ नका.) जळण म्हणून हाडं वापरली तरी हाड एकटं पेटायला नाटकं करतं, आधी लाकडाची आच लागते. माझ्या मते तिथे चरबी-मांसाचा साठा होता. वर्षातले कितीतरी महिने जमीन गोठलेली, आयतं शीतगृहच.

माळावरचा: साठा हे मला चालेल. मेझिरिचबद्दल कौलारूंचं मान्य, राखेपुढे माझं काही चालत नाही. पण कोस्त्योंकीला 'घर' म्हणणार नाही. आणि ही शेकडो हाडं शिकारीची, की मेलेल्या जनावरांची वेचून आणलेली?

चूलखंड: त्याला वेगळा धागा काढा. मेझिरिचची काही हाडं जास्त झिजलेली, काही कमी, तेव्हा एका शिकारीतली सगळी नक्कीच नाहीत.