मदत हवी आहे : घरची स्विफ्ट घेऊन कोइम्बतूरला पहिला ट्रॅक डे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, ५२ हजार किलोमीटर झालेली. पुढच्या महिन्यात कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर एका ग्रुपने ट्रॅक डे ठेवलाय, त्यात नाव घातलं आहे. वीस-वीस मिनिटांची चार सत्रं. नवशिक्यांचा गट वेगळा. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हात दाखवून वाट दिली तरच. शर्यत नाही, वेळ मोजायची नाही.

आधी हे का करतोय ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात अंबा घाटात एका डाव्या वळणावर माझी गाडी सरळ समोरच्या लेनमध्ये गेली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे होतं, पाय ब्रेकवर होता, आणि गाडी तरी उजवीकडेच सरकत राहिली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. त्या दिवसापासून रस्त्यावरचा वेग मी बंद केला. पण गाडी हातातून का सुटली हे मला अजून नीट कळलेलं नाही, आणि ते शोधायची जागा घाट नव्हे, एवढं कळलं आहे. म्हणून ट्रॅक.

कारी निवडायचं कारण म्हणजे तो छोटा आहे, साधारण २.१ किलोमीटरचा. श्रीपेरुंबुदूरजवळचा मद्रासचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध तर पाच किलोमीटरच्या वर, त्यात एक किलोमीटरची सरळ पट्टी. पहिल्या वेळी एवढा वेग मला नकोच आहे.

अडचण अशी की घरात ही एकच गाडी. मुलीची शाळा, बाबांची दर पंधरवड्याची दवाखान्याची फेरी, सगळं हिच्यावर. जाताना साडेनऊशे-हजार किलोमीटर हिनेच जायचं आणि सोमवारी हिनेच परत यायचं. ट्रेलर वगैरे शक्य नाही. त्यामुळे माझा प्रश्न गाडी वेगवान कशी करू हा नाही. ती धड परत कशी आणू, हा आहे.

सध्याची स्थिती: टायर कंपनीचेच, १६५/८० आर १४, नक्षी साधारण निम्मी शिल्लक. मागच्या डाव्या टायरला एक पंक्चर काढलेलं. पुढचे डिस्क पॅड १८ हजार किलोमीटरमागे बदलले. मागे ड्रम. ब्रेक ऑइल गाडी घेतल्यापासून बदललेलं आठवत नाही. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री म्हणतात, "लेव्हल बरोबर आहे, कशाला हात लावताय?" खर्चाला पंधरा हजारांपर्यंत बाजूला काढलेत, प्रवास आणि प्रवेश फी सोडून. एक मित्र म्हणतो सगळे पैसे रुंद टायरांना घाल. दुसरा म्हणतो इंजिनला ओपन फिल्टर (डब्याबाहेरचा उघडा एअर फिल्टर) बसव.

तुम्ही माझ्या जागी असता तर हे पैसे कुठे घातले असते? आणि विम्याचं काय? एजंट म्हणतो, "होतं सगळं क्लेम", पण त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसेना.

ब्रेक ऑइल. बाकी सगळं नंतर

दादा, मिस्त्रींबद्दल आदर ठेवून सांगतो, लेव्हल बरोबर असण्याचा इथे काही संबंध नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. तुमच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ (ही ऑइलची प्रत) लिहिलेलं असेल. ताज्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी मुरलेल्याचा १४० अंशांपर्यंत येतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. गावात १४० पुरतात. ट्रॅकवर दर पंधरा-वीस सेकंदांनी जोरात ब्रेक लागतो, डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही.

चांगल्या कंपनीचं बंद डब्यातलं डॉट ४ घ्या, चारही चाकांना ब्लीड करून जुनं सगळं बाहेर काढा. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र चुकूनही घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. सगळं मजुरीसकट दोन हजारांच्या आत बसेल.

पॅड मोजा. निम्म्याहून कमी उरले असतील तर कंपनीचेच नवे घाला, आणि ते निघायच्या आदल्या दिवशी घालू नका. निदान दोन-तीनशे किलोमीटर गावात वापरून बसू द्या. जुने पॅड डिकीत ठेवा, परतीला लागले तर.

टायर बदलू नका

मी पुण्याहून पोलो घेऊन तीनदा मद्रासच्या ट्रॅकवर गेले आहे. पहिल्या वेळी मीही टायरांवरच पैसे घालणार होते, नवऱ्याने अडवलं ते बरं झालं. कंपनीचे टायर सुटायच्या आधी ओरडतात, आणि कमी वेगात ओरडतात. नवशिक्याला तोच आवाज हवा असतो. रुंद, चिकट टायर गप्प राहतात आणि सुटतात तेव्हा तुम्ही बऱ्याच जास्त वेगात असता.

फक्त दोन गोष्टी बघा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष. गाडीसोबतचेच टायर असतील तर २०१९ किंवा २०१८ दिसेल. रबर कडक झालं असेल, कडेला बारीक भेगा असतील, तर नक्षी कितीही शिल्लक असो, तेव्हा मात्र चारही बदला, याच मापाचे. आणि तो पंक्चरचा टायर: दोरी घालून काढलंय की आतून पॅच लावलाय? दोरी असेल तर त्या टायरवर ट्रॅकवर जाऊ नका. स्टेपनी चांगली असेल तर ती मागे लावा.

हवेचं सांगते, कारण इथे सगळे चुकतात. दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे तेवढी थंड टायरला भरा. पहिल्या सत्रानंतर मोजलीत तर सात-आठ पीएसआय वाढलेली दिसेल. तुमच्या १६५/८० सारखा उंच भिंतीचा टायर वळणात कडेवर लोळतो म्हणून काही लोक आधीच हवा आणखी वाढवतात, ते करू नका. प्रत्येक सत्रानंतर मोजा, चारही सारखी वागतायत का पाहा, वहीत लिहा. आणि मध्ये गरम टायरमधून हवा कमी केली असेल तर संध्याकाळी टायर गार झाल्यावर पुन्हा स्टिकरच्या आकड्यावर आणा, नाहीतर कमी हवेवर हजार किलोमीटर कापाल. स्वतःचा गेज न्या.

ओपन फिल्टरचा विचार सोडा. बॉनेटखालची गरम हवाच आत खेचेल.

विमा : एजंट चुकतोय

पॉलिसीचा कागद काढा आणि 'लिमिटेशन्स अॅज टू यूज' हा परिच्छेद वाचा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देणं, मालवाहतूक, आयोजित शर्यत, पेस मेकिंग (शर्यतीत पुढे राहून वेग ठरवून देणं), वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी हे सगळं स्पष्ट वगळलेलं असतं. ट्रॅक डे शर्यत नाही असा वाद घालता येईल, पण तो वाद गाडी ठोकल्यावर घालावा लागेल, आणि सर्व्हेअर 'वेगचाचणी'वर बोट ठेवेल. ट्रॅकवर पाऊल टाकलं की गाडीचं जे होईल ते माझ्या खिशातून, असं धरूनच जा. तेवढी तयारी नसेल तर अजून एक वर्ष थांबलेलं परवडेल. आयोजकांच्या फॉर्मवर सही करण्याआधी ट्रॅकच्या कठड्याचं नुकसान कोणी भरायचं तेही वाचा. रुग्णवाहिका आणि डॉक्टर जागेवर असणार का, हे फोन करून विचारा. लाजू नका.

घाटात काय झालं ते

साहेब, तुमचा मूळ प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. टायरकडे पकड एकच असते. ती थांबायला वापरा, नाहीतर वळायला. तुम्ही वळणात शिरल्यावर ब्रेक दाबलात, रस्ता ओला, पुढच्या टायरांची सगळी पकड थांबण्यात गेली आणि वळायला काही उरलं नाही. अशा वेळी माणूस स्टिअरिंग आणखी फिरवतो, त्याने उलट बिघडतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं हे नेहमीचं वागणं. उपाय अंगाविरुद्धचा वाटतो: ब्रेक थोडा सोडायचा, स्टिअरिंग जरा सरळ करायचं, पुढचे टायर पुन्हा धरतात.

ट्रॅकवर हाच धडा कोरड्यात आणि रिकाम्या कडेसह मिळतो. ब्रेक सरळ गाडीतच संपवा. वळणात शिरताना बाहेरून, आतल्या टोकाला घासून, पुन्हा बाहेर. आणि वळणाच्या मध्ये घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडू नका, वजन पुढे येतं आणि मागची बाजू हलकी होऊन फिरते. दोन चाकं मातीत गेली तर ओढून परत आणायचं नाही, सरळ जाऊ द्या, वेग उतरू द्या. फिरण्याचे बहुतेक प्रकार तो झटका दिल्यानेच होतात.

जमलं तर आधी दोन रविवार कार्टिंग करा. तुमच्या कोल्हापुरातच मोहिते अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. पिवळा झेंडा, लाल झेंडा, निळा झेंडा पाठ करून जा. पिवळ्याला ओव्हरटेक बंद, लालला सत्र थांबलं, हळू पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेची गाड्या थांबायची जागा). निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, वाट द्या. पिवळे-लाल पट्टे म्हणजे पुढे रस्ता निसरडा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. टायर २०१८ च्या ५० व्या आठवड्याचे निघाले आणि कडेला भेगा आहेतच. त्यामुळे चारही नवे, याच मापाचे. बजेट ओलांडतंय, पण घाटातला दिवस आठवला की बाबांसाठीसुद्धा हे करायलाच हवं होतं असं वाटतं. ब्रेक ऑइल बदललं. मिस्त्रींनी जुनं बाटलीत काढून दाखवलं, चहाच्या रंगाचं होतं. ते स्वतःच म्हणाले, "हे कधीच बदलायला हवं होतं."

गाडी रिकामी किती करायची? डॅशबोर्डवरचा गणपती आईने चिकटवलेला आहे. तो काढायचा म्हटलं तर घरात बोलणी बसतील.

गणपती रुमालात गुंडाळून बॅगेत

काढाच. जोरात ब्रेक लागला की चिकटवलेलं काहीही सुटून अंगावर येतं. आईंना सांगा, ट्रॅकवर तो पिटमध्ये बसून बघणार आहे. माझ्या आईला हे पटलं होतं. स्टेपनी, जॅक, मॅट, पाण्याच्या बाटल्या, आरशाला टांगलेलं, सीटखालची नाणी, सगळं बाहेर. ड्रायव्हरची मॅट तर आधी, ती पॅडलखाली सरकते.

इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत. पेट्रोल निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, लांब वळणात टाकीतलं पेट्रोल एका कडेला जातं. टोईंग हूक आधीच पुढच्या बंपरमध्ये बसवून पाहा, बऱ्याच जणांना आटा गंजलाय हे तिथे गेल्यावर कळतं. टॉर्क रेंच घेऊन चाकाचे नट पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासा. फुलफेस हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळाचे बूट.

आणि प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता, गाडीला वारा देत. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गरम ड्रमला लायनर चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा.

धागाकर्ता : परत आलो

काल रात्री घरी पोचलो. गाडी धड आहे.

पहिलं सत्र भीतीतच गेलं, सगळ्यांना वाट देत राहिलो. दुसऱ्यात शेजारी प्रशिक्षक बसले. ते एकच वाक्य बोलत होते, पुढच्या वळणाकडे बघा. मी बॉनेटच्या टोकाकडे बघत होतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. तिसऱ्यात एका वळणात उशिरा ब्रेक लावून शिरलो आणि गाडी तशीच, अगदी घाटातल्यासारखी, बाहेर सरकायला लागली. टायर ओरडले. ब्रेक सोडला, स्टिअरिंग किंचित सरळ केलं, आणि तिने पुन्हा धरलं. हेल्मेटमध्ये डोळे भरून आले होते, म्हणून पुढची फेरी हळू घेतली.

त्याच सत्राच्या शेवटी पॅडल नेहमीपेक्षा थोडं खाली गेलं. पिटमध्ये आलो, अर्धा तास गार होऊ दिलं, पॅडल परत आलं. तरी चौथं सत्र सोडलं. सोमवारी घर गाठायचं होतं. परतीला ब्रेक ठीक होते, पण या आठवड्यात पुन्हा ब्लीड करून घेतोय.

आता एक नवा प्रश्न. पुढच्या दोन्ही नव्या टायरांच्या बाहेरच्या कडा खरवडल्यासारख्या झाल्यात, नक्षीच्या चौकोनांना बारीक पिसं आलीत. पुढचे मागे, मागचे पुढे केले तर चालेल का, की आधी अलाइनमेंट तपासून घेऊ? शुक्रवारी बाबांना मिरजेला न्यायचं आहे, त्याआधी उरकायचं आहे.