नागावच्या रिसॉर्टवरून कोलाडचं राफ्टिंग एका दिवसात जमेल का?

परळकरीण
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण दोन रात्री अलिबागजवळच्या नागावला, अगदी किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये राहणार आहोत. मी, नवरा, धाकटा भाऊ, आई (६६) आणि मुलगा (१२). गाडी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, मांडव्याला नेणार. मधल्या दिवशी कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करायचं आणि सूर्य बुडायच्या आत परत किनाऱ्यावर यायचं, असं भावाने ठरवलंय.

रिसॉर्टवाले म्हणतात, साडेआठला नाश्ता करून निवांत निघा, दुपारपर्यंत चालतं. मला ते पटत नाहीये. दुसरं म्हणजे मला पोहता येत नाही. आणि तिसरं, ज्याने माझी झोप उडालीय: मुलगा वयाच्या मानाने उंच आहे, भाऊ म्हणतो चौदा सांग, कोण विचारतंय. पोरगा रोज रात्री राफ्टिंगचे व्हिडिओ बघून झोपतोय. त्याला नाही कसं म्हणू?

रोह्याची_लेक
ताई, माझं माहेर रोह्याचं, आता डोंबिवलीत असते. आधी वेळेचं सांगते, कारण सगळा दिवस त्यावरच उभा आहे.

पावसाळा सोडला तर कुंडलिकेत स्वतःचं एवढं पाणी नसतं. मुळशी धरणाचं पाणी डोंगरावरून मोठ्या नळांनी भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, तिथली चक्रं फिरवतं आणि मग रावाळज्याकडून नदीत येतं. वीजघर १९२७ पासूनचं. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांच्या बाजूने सत्याग्रह केला, ते हेच. त्या रस्त्याने जाताना बाबा दर वेळी गाडी हळू करून आम्हाला हे सांगायचे, म्हणून माझ्याच्याने ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर, वीज करतात तेव्हा पाणी सुटतं. बहुतेक सकाळीच. राफ्ट त्या पाण्याबरोबरच निघतात. राफ्ट जिथून सुटतात त्या साजे गावाला सकाळी पोचलात तर नदीत नुसते काळे दगड दिसतील. लहानपणी मी एकाच दगडावर डोळा ठेवून बसायचे. आधी त्याच्या बुडाशी ओल चढते, मग कडेने फेस फिरायला लागतो, आणि थोड्या वेळाने दगड होता तिथे पाण्यावर नुसती फुगी उरते. मुलाला हे नक्की दाखवा.

हे पाणी निघून गेलं की खेळ संपला, मग तुम्ही कितीही पैसे भरलेले असोत. माझ्या नणंदेच्या घरची माणसं काशिदहून आरामात निघाली आणि साडेदहाला पोचली. राफ्ट कधीच गेले होते. आयोजकाने एक रुपयाही परत दिला नाही, आणि आदल्या दिवशी फोन करून वेळही कळवली नव्हती. म्हणून आदल्या संध्याकाळी तुम्हीच फोन करा. उद्या पाणी आहे का आणि किती वाजता हजर राहायचं, हे दोन्ही विचारा.

नागावहून पहाटे साडेपाचला निघा. रेवदंडा, साळावचा पूल, चणेरा, रोहा, कोलाड. अंधार आणि वळणं धरून साज्यापर्यंत अडीच तास हाताशी ठेवा. नाश्ता रिसॉर्टकडून बांधून घ्या आणि बेताचाच खा.

पुलावर गाडीची काच खाली करा. खालची खाडी म्हणजे कुंडलिकाच. कोर्लईच्या किल्ल्यापाशी ती समुद्राला मिळते. तुम्ही राहताय नदीच्या मुखाजवळ आणि जाताय तिच्या वरच्या अंगाला.

सह्यभटक
वेळेला दुजोरा. फक्त येताना घाई करू नका. कोलाडहून जेवून दोनला निघालात तरी सूर्यास्ताला नागावला आरामात पोचाल. रो-रोचं गाडीसकट बुकिंग मात्र आत्ताच करा, शनिवार-रविवारी गाड्यांची जागा पटकन भरते. आणि राफ्टिंगच्याच दिवशी मुंबईला परतायचा विचार असेल तर सोडून द्या, अंग पार गळून जातं.

वल्हं_हातात
मी या नदीवर काही हंगाम राफ्ट चालवलाय, म्हणून मुलाबद्दल स्पष्ट लिहितो. वय खोटं सांगू नका.

बहुतेक आयोजक चौदाच्या खाली घेत नाहीत. उंची बघून नव्हे, वजन, ताकद आणि जॅकेटचं माप बघून. आम्ही प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून बघतो. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात त्या माणसाला धरून ठेवणार नाही. एकदा एका वडिलांनी असंच वय वाढवून सांगितलं होतं. पट्टी ओढली तर पोराची हनुवटी जॅकेटच्या आत गेली. मी त्याला काठावर ठेवलं, वडील खूप बोलले. आजही मी तेच करीन.

पोहता येत नसलं तरी मोठ्यांना चालतं, फक्त आयोजकाला तसं आधी सांगा. टप्पा सुमारे १२ किलोमीटरचा, दोन-अडीच तासांचा. पाण्याच्या अवघडपणाच्या सहा श्रेणी असतात, त्यातलं हे दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचं. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी आकाराची मूठ असते, तिच्यावरून हात काढू नका. सुटलेली मूठ शेजारच्याच्या दातांवर बसते. पाण्यात पडलात तर उताणं व्हा, पाय पुढे, चवडे पाण्याच्या वर. वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका, पाय दगडात अडकतो. दोर फेकला तर छातीशी धरा, मनगटाला गुंडाळू नका.

आयोजकाला दोन गोष्टी विचारा: सोबत बचावासाठी कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) असते का, आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती नोंदणी आहे. उत्तर देताना जो चाचरतो त्याच्याकडे जाऊ नका.

मंगळसूत्र, अंगठ्या, घड्याळ आईंकडे ठेवा. चष्म्याला दोरी, पायात पट्ट्याच्या सँडल. जीन्स नको.

परळकरीण
पट्टीचं वाचून अंगावर काटा आला. भावाला तेवढा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, तो गप्प झाला. पण मग मुलगा आणि आई चार-पाच तास काय करतील?

रोह्याची_लेक
आईंना रोह्याच्या धावीर महाराजांच्या दर्शनाला घेऊन जा. ग्रामदैवत आहे आमचं, पालखीला पोलिसांची सलामी असते. मुलाला कोलाडच्या संथ पाण्यात प्रशिक्षकाबरोबर कयाक चालवता येईल, ते आयोजकाकडूनच आधी ठरवून घ्या. तुमच्यापैकी एक मोठं माणूस त्याच्याजवळ काठावर थांबू दे. आणि त्याला आत्ताच सांगा, तिथे पोचल्यावर नको.

परळकरीण
जाऊन आलो, म्हणून लिहितेय. मुलाला त्याच रात्री सांगितलं होतं. तो रडला, आणि सकाळी विचारलं, "मग दगड तरी बघायला मिळतील ना?"

पावणेआठला साज्याला पोचलो. भाऊ आपणहून म्हणाला, मी थांबतो याच्याबरोबर. नवरा आणि मी राफ्टमध्ये. पहिल्या धारेला तोंडावर पाणी आलं तेव्हा माझा श्वासच अडकला. मागून आवाज आला, "ताई, वल्हं मारा, वल्हं!" आणि मग हात आपोआप चालू लागले. मूठ एकदाही सोडली नाही.

नंतर मुलाने तासभर कयाक चालवली. आईचं दर्शन परतीच्या वाटेवर झालं. साळावच्या पुलावर त्याने गाडी थांबवायला लावली आणि खाली बघत आजीला म्हणाला, "सकाळचं पाणी आता इथे आलं असेल का गं?" दोघं बराच वेळ कठड्याशी उभे होते.