बीपीमुळे हृदय जाड झालंय, पण त्यात इन्सुलिन कुठून आलं?

सांजवेळ
नमस्कार मंडळी, वय ४४. चार-पाच वर्षं बीपी १५०/९५ च्या आसपास असायचं पण त्रास काहीच नाही म्हणून गोळी कधी घेतली कधी सोडली. आता टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर रिपोर्टमध्ये कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत सगळीकडून जाड, भिंत १३ मिमी, पंपिंग ६० टक्के. डॉक्टरांनी उपाशीपोटी इन्सुलिन पण तपासायला लावलं, ते २२ आलं, शुगर १०४. म्हणाले हृदय वाढण्यात इन्सुलिनचाही हात असतो, पण बाहेर गर्दी होती, पुढे विचारता आलं नाही. मला डायबेटिस नाही हो, मग इन्सुलिनचा काय संबंध? आणि एकदा मोठं झालेलं हृदय परत कमी होतं का? रात्रभर हेच डोक्यात असतं.

निळीशाई
आधी एक गोष्ट, तुमचं हृदय पसरलेलं नाहीये, डाव्या कप्प्याची भिंत जाड झालीये, आणि हे दोन वेगळे प्रकार आहेत. भिंत साधारण १० मिमीपर्यंत नॉर्मल धरतात. दिवसाला लाखभर ठोके, त्यातला प्रत्येक ठोका १५० च्या दाबाविरुद्ध, म्हणजे भिंतीवर ताण येणारच. भिंत जाड झाली की तो ताण वाटला जातो, म्हणून हृदय स्वतःला जाड करून घेतं. सुरुवातीला हा बचावच असतो. पण जाड भिंत कडक होते, नीट सैल पडत नाही, रक्त भरायला अडचण येते. त्यामुळे पंपिंग ६० टक्के म्हणजे नॉर्मल असूनही पुढे जिना चढताना दम लागू शकतो. त्रास नव्हता म्हणून गोळी सोडली असं लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं, कारण हे सगळं त्रास न देताच होत जातं.

आडवाट
इन्सुलिनचं सांगतो. तुमची शुगर १०४ वरच थांबलीये कारण स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन ओतून ती धरून ठेवतंय. शुगर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५ करा, ५.६ च्या आसपास येतं, शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा हा अंदाज, आणि तो जास्तच आहे. आता गंमत नाही पण गोम अशी की शरीर सगळीकडे सारखं बहिरं होत नाही. स्नायू आणि लिव्हर साखरेच्या बाबतीत इन्सुलिनचं ऐकत नाहीत, पण किडनी ऐकत राहते आणि मीठ धरून ठेवते, बीपी वाढतं. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड कमी बनतो, सिम्पथेटिक नर्व्हज (शरीराला धावपळीसाठी तयार करणाऱ्या नसा) चेकाळतात. शिवाय इन्सुलिन हे वाढीला चालना देणारंही हार्मोन, पेशींना प्रोटीन बनवायला सांगणारं, आणि हृदयाच्या पेशींनाही तो निरोप पोचतो. म्हणजे बीपी बाहेरून ढकलतं आणि इन्सुलिन आतून.

पानगळ
आडवाट, बरोबर आहे पण थोडं जपून. वजन आणि बीपीचा हिशेब वेगळा काढला की इन्सुलिनचा संबंध बराच फिका पडतो असंही काही अभ्यासांत दिसलंय. पोटावरची चरबी बीपी आणि इन्सुलिन दोन्हीच्या मुळाशी असते. म्हणून पहिला नंबर बीपीचाच. सांजवेळ, घोरता का? झोपेत श्वास अडकत असेल तर बीपी आणि इन्सुलिन दोन्ही बिघडतात, ते तपासून घ्या.
आणि हो, जाडी कमी होते! २००२ मध्ये लाइफ नावाची मोठी ट्रायल आली, नऊ हजारांवर पेशंट, सगळ्यांना बीपी आणि ईसीजीत एलव्हीएच. लोसार्टन आणि अटेनोलॉल या बीपीच्या दोन गोळ्या, दोन्हींनी बीपी जवळपास सारखंच उतरलं, पण लोसार्टनवाल्यांची जाडी जास्त कमी झाली आणि स्ट्रोकही कमी झाले. हे वाचून स्वतः गोळी बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

सांजवेळ
घोरतो, बायको कधीपासून म्हणतेय. वजन ९१ आहे. गोळी कालपासून रोज सुरू केलीये. इको परत कधी करू?

निळीशाई
लगेच नको, भिंत कमी व्हायला महिने लागतात. सहा महिने ते वर्षाने, शक्यतो त्याच ठिकाणी करा, कारण मोजणाऱ्याच्या हातानेही एक-दोन मिमीचा फरक पडतो. तोपर्यंत घरी पाच मिनिटं शांत बसून सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा आणि वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.