मदत हवी आहे: ७×५७ माउझर काडतुसाची शिकारी रायफल कुठे आणि कोणती घ्यावी?

रानभूल

मंडळी, अमेरिकेत शिकार करणारं कुणी इथे असेल तर जरा मार्गदर्शन करा.

मी विस्कॉन्सिनमध्ये असतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. एका मित्राच्या रानात जातो आणि त्याचीच .३०-०६ (जोरदार धक्क्याच्या मोठ्या काडतुसाची रायफल) वापरतो. रायफलीत खोट काही नाही, पण आता स्वतःची घ्यायची आहे आणि मन ७×५७ वर बसलंय. कारण सांगायला हरकत नाही: जिम कॉर्बेट. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली त्यांना बक्षीस मिळालेली .२७५ रिग्बी, ती हीच. माउझरच्या ७×५७ ला इंग्रजांनी दिलेलं नाव. शाळेत असल्यापासून डोक्यात आहे.

व्यवहाराचं कारणही आहे. आमच्या झाडीत शंभर-सव्वाशे यार्डांच्या पलीकडे दिसतंच काय? तेवढ्यासाठी .३०-०६ चा धक्का कशाला खायचा? शिवाय पुढच्या वर्षी बायकोलाही यायचंय.

अडचण अशी की दुकानात विचारलं की समोरचा ७एमएम-०८ (त्याच जाडीच्या गोळीचं, पण आखूड काडतूस) काढून ठेवतो. बजेट हजार ते दीड हजार डॉलर. बोल्ट ॲक्शनच (हाताने खिट्टी मागे-पुढे करून काडतूस भरायची) हवी, स्कोप बसायला हवा. ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशन झालंय. कोणती मॉडेलं शोधू?

दगडोबा

दुकानदार चुकीचं सांगत नाहीये. १४० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळीपर्यंत ७एमएम-०८ तेच काम करतं, लहान ॲक्शनमध्ये (काडतूस भरणाऱ्या यंत्रणेत) बसतं आणि काडतुसं कुठेही मिळतात. पण हौसेला असले हिशेब लागत नाहीत, म्हणून पुढचं सांगतो.

पहिली पसंती रेमिंग्टन ७०० क्लासिक. या मालिकेत दरवर्षी एकच काडतूस निवडायचे आणि पहिल्याच वर्षी, १९८१ ला, ७एमएम माउझर (७×५७ चंच अमेरिकन नाव) निवडलं होतं. सरळ दस्ता, नक्षीकामाचा सोस नाही. तुमच्या बजेटमध्ये बसावी. त्याच सुमाराची विंचेस्टर ७० फेदरवेट याच काडतुसात मिळाली तर तीही घ्या. डोंगरात दिवसभर खांद्यावर वागवायला माझ्या मते तीच उजवी.

रुगर ७७ सगळ्यात जास्त दिसेल, ती जुनी, सेफ्टी दस्त्याच्या मानेवर असलेली. त्या काळात रुगर नळ्या बाहेरून घेत असे. त्यामुळे काही रायफली सुंदर मारतात, काही नाही. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचा घसाही बऱ्याचदा लांब असतो, कारण मूळ काडतूस १७३ ग्रेनच्या लांबलचक गोळीसाठी होतं. विकणाऱ्याकडे कागदावरचा गट (गोळ्या किती जवळजवळ लागतात ते दाखवणारा नेमबाजीचा कागद) मागा. नसेल तर भाव पाडून मागा.

जुनी चेक बनावटीची ब्रनो २१ किंवा २२ दिसली तर मला आधी कळवा. (गंमत करतोय. अर्धवट.)

हिरवळ

२०२० नंतरही निष्पाप हरणं मारायची हौस? भारतात १९७२ पासून बंदी आहे ती उगाच नाही.

रानभूल

@हिरवळ, भारतातली बंदी योग्यच आहे, त्यावर वाद नाही. इथे परिस्थिती उलट आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी झालीत की शेतं आणि कोवळी रोपटी उरत नाहीत, गाड्यांना धडकतात ते वेगळंच. सरकार मोजून परवाने देतं आणि मारलेलं मटण विकता येत नाही. आमच्याकडे ते पूर्ण खाल्लं जातं, काळ्या मसाल्यात. तुम्हाला पटणार नाही हे मान्य, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो.

@दगडोबा, फार आभार. काल ऑनलाइन लिलावात एक स्पॅनिश माउझर पाहिली. १९१६ मॉडेल, कुणीतरी दस्ता कापून शिकारी केलेली, भाव क्लासिकच्या निम्मा. कशी वाटते?

दगडोबा

ती सोडा. निदान पहिली रायफल म्हणून तरी.

१९१६ हे मॉडेल १८९३ च्या ॲक्शनवर आहे. माउझर ९८ मध्ये (१८९८ ची सुधारित ॲक्शन) बोल्टला मागे तिसरा सेफ्टी लग (बोल्ट अडकवून ठेवणारा खुंट) असतो, आणि काडतुसाचं बूड फुटलंच तर गरम वायू तोंडावर येऊ नये म्हणून बोल्टच्या मागे रुंद कडा असते. ९३ मध्ये हे दोन्ही नाही. अशा जुन्या रायफली लोकांच्या हातात आहेत म्हणूनच अमेरिकन कंपन्या ७×५७ मुद्दाम मवाळ, कमी दाबाचं भरतात. इथली दाबाची मर्यादा ५१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), युरोपातली साडेछप्पन हजारांच्या आसपास. म्हणजे सेलिए अँड बेलोचं युरोपियन काडतूस क्लासिकमध्ये निर्धास्त घाला, पण शंभर वर्षांच्या ९३ मध्ये मी घालणार नाही.

लष्करीच हवी तर ब्राझीलची १९०८ बघा. तीही ७×५७ च, पण खरी ९८ ॲक्शन. फक्त मूळ अवस्थेतली असेल तर कापू नका, पाप लागेल.

आणखी एक वाट आहे. काडतुसाच्या बुडाचं माप .३०-०६ एवढंच असतं. त्यामुळे नळी झिजलेली .३०-०६ स्वस्तात घेऊन तिला ७×५७ ची नवी नळी बसवता येते. बोल्ट तोच चालतो. मात्र लहान ॲक्शन घेऊ नका, लांब गोळी भरलेलं काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही.

कऱ्हाडचा_पाहुणा

अवांतर प्रश्न. आमच्या आजोबांकडे परवान्याची .३१५ होती, इशापूर फॅक्टरीची. ती यातलीच का?

दगडोबा

नाही. ती ८ मिलिमीटरची, ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर काडतुसावरून आलेली. आपल्याकडे .३०३ लष्करी बोअर (नळीचं माप) म्हणून सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून शेतकऱ्यांच्या घरात .३१५ दिसते. परवाना आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर हत्यार घरात ठेवू नका, आधी पोलीस ठाण्यात विचारा.

नवखा_टेक्सासात

एच-१बी वर बंदूक घेता येते का हो? ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दगडोबा

केंद्रीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना सरसकट मनाई आहे, पण चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक घेताना भरायचा केंद्रीय अर्ज) भरताना ते दाखवावं लागतं. लायसन्सची मुदत संपली की सूटही संपते, आणि बंदूक मात्र कपाटातच असते. प्रकरण थेट व्हिसावर येऊ शकतं, तेव्हा आधी वकिलाला विचारा, ऑफिसला नको.

रानभूल

ताजी खबर: मिनेसोटातल्या एका माणसाकडे १९८१ ची क्लासिक आहे. फोटोत नळीचं तोंड स्वच्छ दिसतंय, स्कोपसाठी जादा भोकं पाडलेली नाहीत. म्हणतो, थेट येऊन घेऊन जा.

दगडोबा

थेट नाही! दुसऱ्या राज्यातल्या खाजगी माणसाकडून घेताना रायफल परवानाधारक दुकानदारामार्फतच आली पाहिजे. तिथे ४४७३ आणि पार्श्वभूमी तपासणी होईल, मग ताबा. दुकानदार थोडी फी घेतो, देऊन टाका. जाऊन बघायला हरकत नाही, फक्त परस्पर आणू नका.

बघायला गेलात तर नळीवरचा शिक्का वाचा, ७एमएम माउझर असाच हवा. दस्त्याच्या मानेला केसाएवढी चीर आहे का ते उन्हात बघा. रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करून बोल्ट काढा आणि नळीतून पलीकडे बघा. आल्यावर पहिली गोळी झाडण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसासाठी उरणारी जागा) मोजून घ्या. आणि काडतुसं घेताना डब्यावर ७×५७आर लिहिलेलं उचलू नका. ते कडावालं, दुमडणाऱ्या बंदुकांसाठीचं.

रानभूल

मिळालं. शनिवारी मिनेसोटाला जातोय, दुकानदाराशीही बोलून ठेवलं. आता शेवटचं: बायकोसाठी १४० ग्रेन बरं की आणखी हलकं?

दगडोबा

१४० च. सरावालाही तेच, हरणालाही तेच. स्कोप एकदाच लावायचा.